पडल्यानंतरची मांड

अलिबागकडे घोडा म्हटलं की ओहोटीला कुलाबा किल्ल्यात नेणारी घोडागाडी, नाहीतर पर्यटकांच्या पोरांना वाळूवर चार पावलं फिरवून आणणारा घोडेवाला, एवढंच लोकांना आठवतं. पैसे भरून, हेल्मेट घालून, रिंगणात गोल गोल फिरत कुणी घोड्यावर बसायला शिकतं, तेही बँकेत नोकरी करणारी चाळिशीतली बाई, हे आमच्या आळीत अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. मी पडले तेव्हा सगळ्यांना बोलायला आयतंच सापडलं.

पागा चौलच्या बाजूला एका जुन्या वाडीत आहे. पुढे नारळी-पोफळी, मागे बांध घालून सपाट केलेलं वाळूचं रिंगण, आणि मोजकीच घोडी. चालवणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, जयपूरच्या ६१ कॅव्हलरीतून दफेदार होऊन निवृत्त झालेले. लष्करात अजून घोडे बाळगून असलेल्या मोजक्या पलटणींपैकी ती एक. तिथे राजपूत आणि कायमखानी मुसलमानांबरोबर मराठ्यांचीही भरती असते, त्यामुळे साताऱ्याचा गडी जयपुरात घोड्यावर कसा, हे कोडं मला उगीचच पडलं होतं. आम्ही त्यांना दफेदारकाका म्हणतो. निवृत्तीनंतर ते कोकणात का आले हे विचारलं की ते म्हणतात, बायकोचं माहेर. विषय संपला.

तसा चौलला घोडा नवा नाही. अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून येणारे घोडे याच बंदरात उतरत आणि इथून घाटावर जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतात घोडा घालून इथे उतरला होता. विकून चार पैसे करायचा बेत होता. पण जुन्नरला तिथल्या खानानं घोडाच काढून घेतला आणि बिचाऱ्याला तो सोडवून आणायला नाकी नऊ आले. त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे, जाता-येता दिसतं. घोड्यापायी माणूस गोत्यात येण्याची या भागाची परंपरा जुनी आहे, असं मी झोळीत हात घालून घरी बसले होते तेव्हा स्वतःला समजावत असे.

पडण्याची हकीकत थोडक्यात अशी. दिवाळीनंतरची सकाळ, दुडकी चाल, खाली मैना नावाची घोडी. मैना थरोब्रेड, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, स्वभावानं गरीब पण कानानं फार तिखट. कुंपणापलीकडच्या वाडीत पंपाची खोली आहे, वर पत्रा. त्या पत्र्यावर माडाची सुकलेली झावळी पडली. ज्यांच्या घरी माड आहेत त्यांना हा आवाज सांगायला नको. आधी वर काहीतरी सरसरतं, मग कडाड. मैना उजवीकडे उडाली आणि मी होते तिथेच राहिले, फक्त माझ्याखाली आता घोडी नव्हती. डाव्या खांद्यावर पडले.

रिंगणाच्या कठड्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच सल्ला दिला, "उठा, परत चढा, नाहीतर भीती बसेल." दफेदारकाका धावत आले आणि त्यांच्यावरच खेकसले, "कुनी चढायचं न्हाई." मला उठू दिलं नाही. मान दुखते का, बोटं हलतात का, मुंग्या येतायत का, आज वार कोणता, असं सगळं विचारलं, आणि मगच बसवलं. गळ्याजवळचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं होतं. जागचं फार सरकलं नसल्यामुळे प्लेट घालावी लागली नाही. सहा आठवडे झोळी, मग फिजिओथेरपी, आणि घोड्यावर बसायचं असेल तर तीन महिने नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. टेबलावर ओणवं होऊन हात नुसता लोंबता सोडून हलकेच झुलवायचा, हा व्यायाम मी देवघरासमोर करत असे आणि सासूबाई प्रत्येक वेळी म्हणत, "घंटेला नमस्कार कर त्यापेक्षा." हाड जुळलं. जुळलं तिथे एक उंचवटा राहिला आहे, तो ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो, दिसू दे.

हेल्मेटही बदलावं लागलं. वरून त्याला ओरखडासुद्धा नव्हता, म्हणून नवऱ्याला हा शुद्ध उधळेपणा वाटला. पण आतला जो कडक फोम असतो तो आपटल्यावर स्वतः दबून धक्का खातो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. पुढच्या वेळी ते हेल्मेट नुसती टोपी. शिकवणी लावणाऱ्या कुणालाही मी इतर काही सांगत नाही, एवढं मात्र सांगते.

आता खरा मुद्दा. पडताना मला दुखलेलं आठवतच नाही. आठवतो तो आवाज. आमच्या परसात माड आहेत. इतकी वर्षं रात्री झावळी पडली तर मी कुशीवरसुद्धा वळत नसे. आता पडली की अंथरुणात उठून बसायची आणि दोन्ही मुठी आवळलेल्या असायच्या, लगाम धरल्यासारख्या. भीती डोक्यात असती तर डोक्याला समजावता आली असती. ती मुठीत, मांड्यांत आणि पोटात जाऊन बसली होती, आणि तिथपर्यंत कुणाचा उपदेश पोचत नव्हता. घरातल्यांचा तर नाहीच. नवरा म्हणायचा सोडून दे. मुलगी म्हणायची, आई, सोडलंस तर तू हरलीस. दोघांनाही मी चहा करून देत असे.

पडलात की लगेच परत चढा, हा सल्ला मला जितक्या जणांनी दिला त्यातला एकही कधी घोड्यावरून पडलेला नव्हता. मी दफेदारकाकांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "पलटणीत चढवायचे की. पर तिथं पोरगं एकोनीस वर्साचं, आन् घोड्यापेक्षा उस्तादाची भीती जास्त. तुमास्नी कुनाची भीती हाय?" थोडं थांबून म्हणाले, "पडल्यावर लगेच चढलं तर घोड्याला कळतं की काम संपलं न्हाई. त्यो सल्ला घोड्यासाठी हाय. मानसाचं मानसानं बघावं."

तर माणसाचं आम्ही असं बघितलं की तीन-साडेतीन महिने मी घोड्यावर बसलेच नाही, पण पागेत जात राहिले. हात जरा चालू लागल्यावर खरारा करायचं काम मला मिळालं. खरारा म्हणजे नुसती सफाई असं मला आधी वाटत असे. मोतद्दार पोरगा तयार घोडी आणून देई, मी चढे, तास झाला की उतरून लगाम त्याच्या हातात. आता मात्र मैनाच्या मानेपासून सुरुवात करून खांदा, पाठ, पुठ्ठा, सगळं हातानं चाचपून बघायचं, कुठे ती अंग आखडते, कुठे डोळे मिटते. खुरं उचलून त्यातली वाळू आणि शेण आकड्यानं काढायचं. कोकणच्या दमट हवेत खुरांना कुजका वास लागायला वेळ लागत नाही, म्हणून हे रोजचं काम.

मागून जायचं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत बोलत जायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि थेट कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणजे ज्या दोन जागी माणूस हमखास उभा राहतो, तिथेच. कान वेगवेगळे फिरतात. एक माझ्याकडे, एक कुंपणाकडे, असे असले तर ठीक. दोन्ही एकाच ठिकाणी रोखले आणि मान वर गेली, की तिथे काय आहे ते मीही बघायला शिकले.

एक दिवस काकांनी स्टेथोस्कोप आणून माझ्या हातात दिला. पागेत तो पोटशूळ झाला की आतड्यांचे आवाज ऐकायला ठेवलेला असतो. मैनाच्या डाव्या कोपराच्या मागे, खोगिराचा पोटपट्टा, म्हणजे तंग, जिथून जातो तिथे तो टेकवायला सांगितलं. घोड्याचं हृदय शांत असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके घेतं, आपल्या निम्म्यानं. इतकं सावकाश की दोन ठोक्यांमध्ये वाटतं, आता थांबलं की काय. मी घड्याळ बघून मोजत होते आणि काकांनी पोराला खूण केली. त्यानं लांब गवताच्या खोपीच्या पत्र्यावर सुकी झावळी टाकली.

माझ्या हातातून स्टेथोस्कोप सुटला नाही हे नशीब. मैनाची मान वर, दोन्ही कान तिकडे, चारही पाय जागच्या जागी ताठ. कानात ठोके धाड धाड धाड, मोजता येईनात. मग तिनं नाकपुड्यांतून फुर्रर्र करून श्वास सोडला, जबडा हलवला, ओठ चाटले, आणि ठोके उतरायला लागले. मिनिटाभरात ते जवळपास जागेवर आले. माझे कुठे आले होते? मी मनगट धरून बघितलं, ते अजून चौखूर उधळलेले.

मला इतके दिवस वाटत होतं की मैना उधळते. ती उधळली नव्हतीच. दचकली होती, एक उडी मारली होती, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत थांबून मागे वळून बघत उभी राहिली होती. हे मला त्या दिवशी काकांनीही सांगितलं होतं, कठड्यावरच्या गृहस्थांनीही. पण कानात ठोके ऐकल्यावरच ते पटलं. मला ज्याची भीती वाटत होती ते सगळं मिळून एका उडीएवढं होतं. त्या उडीत खोगिरावर कसं राहायचं, हे शिकण्यासारखं होतं. ते शिकलं तर मग राहतं काय?

त्यानंतर झावळ्यांचा कार्यक्रमच सुरू झाला. पोरगा झावळीला दोरी बांधून ती ओढत पुढे चालणार, आणि आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या हातातल्या दोरीला मैना, मागून चालणार. झावळी घोड्याच्या अंगावर न्यायची नाही, त्याच्यापासून लांब पळवायची. लांब जाणाऱ्या वस्तूचा घोड्याला धाक वाटत नाही, उलट चौकसपणा वाटतो. पहिल्यांदा ती वीस पावलं मागे, फुरफुरत. मग दहा. शेवटी शेवटी मैना त्या झावळीवर पाय देऊन उभी राहायला लागली आणि पोरगा वैतागून म्हणायचा, "ताई, सरकवा हिला, ओढवत नाही." वाडीच्या मालकांनी एकदा कुंपणावरून ही वरात पाहिली. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आपल्या वाडीतल्या पडलेल्या झावळ्या ते स्वतःहून आमच्या बाजूला टाकायला लागले. केरसुण्या करायला न्यायच्या असतील तर हीर काढून ठेवा म्हणाले.

माघ संपता संपता डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मी परत घोड्यावर बसले. मैनावर नाही, बुवावर. बुवा म्हणजे भीमथडी रक्ताचा, ठेंगणा, रुंद पाठीचा म्हातारा. भीमथडी ही आपल्या पुण्याकडची, भीमेकाठची घोड्याची जात, मराठ्यांच्या घोडदळाशी नाव जोडलेली. बुवाकडे बघून ते घोडदळ अटकेपर्यंत पोचलं कसं हे कळत नाही, कारण त्याला रिंगणाच्या टोकापर्यंत न्यायचं तर मिनतवाऱ्या कराव्या लागतात. मला नेमका तसलाच हवा होता.

काकांनी बुवाला लांब दोर लावला, दोराचं टोक स्वतःच्या हातात धरलं, आणि माझ्या हातातून लगाम काढून घेतला. रिकिबीही काढून ठेवल्या. मला फक्त बुवाच्या गळ्यातला पट्टा धरायची परवानगी, तीही अडचण आली तरच. मग बुवा गोल चालणार आणि मी हात आडवे पसरणार, कान धरणार, वाकून उजव्या हातानं डाव्या पायाचा अंगठा धरणार. घोडा उभा असताना खोगिरावरच बसल्या बसल्या पाय फिरवून उलटं तोंड करायचं, शेपटीकडे बघायचं, पुन्हा फिरून सरळ. मुलगी कठड्यावरून व्हिडिओ काढत होती. तो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

लगाम नसल्यावर मला कळलं की मी आजवर लगामाला लोंबकळून बसत होते. भीती वाटली की माणूस पुढे झुकतो, गुडघे आवळतो, टाचा वर जातात, आणि हात लगाम ओढतात. यातली प्रत्येक गोष्ट उलटी पडते. पुढे झुकलं की घोड्याला वाटतं, पळायचं आहे. गुडघे आवळले की आपण मुठीत दाबलेल्या ओल्या साबणासारखे वर सरकतो. टाचा वर गेल्या की पाय रिकिबीत अडकायचा धोका. आणि तोंडात ओढ लागली की घोडा मान वर करून आणखीनच आखडतो. मागून बघणाऱ्याला वाटतं घोडा बिथरला आणि बाई घाबरली. बहुतेक वेळा क्रम नेमका उलटा असतो.

हे सगळं डोक्यात होतं तरी अंग ऐकेना. दुडकी सुरू झाली की माझा श्वास बंद. काका रिंगणाच्या मध्यावरून ओरडायचे, "ताई, श्वास सोडा! साठवून काय करनार?" श्वास सोडा म्हटलं की सोडता येतो असं थोडंच आहे. शेवटी त्यांनी युक्ती काढली. पाढे म्हणायचे, मोठ्यानं, दुडकीच्या ठेक्यावर. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. दोन ते दहा मला झोपेतही येतात, त्यामुळे त्यांचा उपयोग होईना. डोकं रिकामं राहायचं आणि त्यात भीती शिरायची. मग एकोणतीसचा घेतला. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत ठीक, पुढे डोकं इतकं गुंतायचं की खाली घोडा आहे हेच विसरायला व्हायचं. दुडकीत घोडा समोरासमोरचे तिरपे पाय जोडीनं टाकतो, म्हणून ठेका दोनाचा. एकावर उठायचं, दोनावर बसायचं. एकोणतीसचा पाढा दोनाच्या ठेक्यात बसवणं हे बँकेच्या परीक्षेपेक्षा अवघड आहे.

मधल्या काळात पडायलाही शिकवलं, म्हणजे खरं तर उतरायला. घोडा चालत असताना दोन्ही पाय रिकिबीतून सोडायचे, मानेवर हात टेकून एका झटक्यात पाय फिरवायचा, गुडघे सैल ठेवून दोन्ही पायांवर उतरायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. आणि पडलोच तर लगाम सोडून द्यायचा, हात पुढे टेकवायचे नाहीत, हनुवटी छातीला, अंग गोळा करून घोड्यापासून लांब गडगडायचं. काथ्याच्या गादीवर हे आम्ही लहान मुलांच्या बॅचबरोबर केलं. त्यांना ती गंमत वाटत होती. मला पहिल्या दिवशी डाव्या खांद्यावर गडगडताच येईना, उजव्यावरच जायची. काकांनी ते पाहून ठेवलं, तेव्हा बोलले नाहीत.

एका हाताचा लगाम हळूहळू मांडीकडे आणून घोड्याची मान वळवायची, म्हणजे तो लहान वर्तुळात फिरत फिरत थांबतो, हेही तेव्हाच घोटून घेतलं. दोन्ही लगाम ओढून ताकदीनं थांबवू म्हटलं तर चारशे-पाचशे किलोच्या जनावरापुढे आपली ताकद ती काय. मान वळली की मात्र त्याला सरळ पळता येत नाही. उभ्यानं, चालताना, दुडकीत, डावीकडे, उजवीकडे, कंटाळा येईस्तोवर केलं. मला विचाराल तर माझा निम्मा जीव या एका गोष्टीनं भांड्यात पडला.

सगळं सुरळीत चढत गेलं असं मात्र नाही. शिमग्याच्या दिवसांत गावात पालखी नाचत होती, ढोल सकाळपासून. वारा वाडीतून वाहत होता. त्या दिवशी मी दोर सोडून बुवावर एकटी होते. बुवाला ढोलाचं काही नव्हतं, तो आपला चालत होता. मला मात्र प्रत्येक ठोक्याला पोटात कळ येत होती. पाढा सुचेना. अर्ध्या रिंगणात मी त्याला थांबवलं, उतरले आणि चालत पागेकडे आले. रडू आलं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी बुवाचं खोगीर काढलं आणि म्हणाले, "बरं झालं. आज हितवरच." समजूत घातली नाही, उद्या नक्की जमेल वगैरे काही नाही. मग पोराला सांगून चहा मागवला.

त्या दिवसापासून ते मला दर वेळी अजून पाच मिनिटं चढायची इच्छा आहे तेव्हाच उतरवू लागले. मी आधी हुज्जत घातली, तासाचे पैसे भरलेत म्हणून. नंतर लक्षात आलं की दमलेल्या अंगात भीती लवकर परतते, आणि शेवटची जी आठवण घेऊन घरी जातो तीच पुढच्या वेळी आधी उभी राहते.

मैनावर परत बसले ते चैत्रात. चढताना हात इतके थरथरत होते की तंगाचं बक्कल पोरानंच आवळलं. पण खाली ओळखीचं अंग होतं. इतके महिने त्या पाठीवरून हात फिरवलेला होता, तिचा कोणता कान कधी फिरतो हे माहीत होतं. पहिल्या दिवशी नुसतं चाललो. मग दुडकी. एकदा पोफळीत कुणीतरी सुपाऱ्यांचं शिंपुट खाली टाकलं तेव्हा तिनं दचका घेतला. मी टाचा खाली दाबल्या, पट्टा धरला आणि "एकोणतीस पाचे" असं काहीतरी ओरडले. ती थांबली, फुरफुरली, पुढे चालू लागली. मीही. काका लांबून नुसतं "हां" म्हणाले.

मग किनारा. मे महिन्यात शनिवार-रविवारी नागावला किंवा रेवदंड्याला घोडा घेऊन जायची सोय नसते. पॅरासेलिंगच्या बोटी, वाळूत धावणाऱ्या चार चाकांच्या गाड्या, भेळेचे स्टॉल. म्हणून मधल्या वारी, पहाटे, आणि ओहोटी बघून. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी तळाला. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांबवर जातं, त्यामुळे पुळण ऐसपैस मिळते. मोबाइलवरही वेळा मिळतात, पण सासूबाईंचा हिशेब बहुधा चुकत नाही, आणि त्यांना विचारलं की घोड्यावरचा त्यांचा राग थोडा कमी होतो.

वरची सुकी, भुसभुशीत वाळू घोड्याच्या पायांच्या मागच्या नसांवर ताण आणते. पाण्याच्या कडेची ओली, घट्ट बसलेली पट्टी धावायला चांगली. पण आधी ती पट्टी पायी चालून बघायची, कारण आदल्या संध्याकाळी पोरांनी खणलेले खड्डे तसेच असतात. आणि फेस. लाट परत जाताना फेसाची जी रेषा सरकते ती घोड्याच्या पायाखालची जमीनच सरकवते. मैना त्या रेषेवरून टुण्णकन उडी मारायची, प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच बघतेय. पहिली उडी मी पट्टा धरून काढली. पुढच्या उड्यांना हसू यायला लागलं. उडी आली की अंग खाली बसायचं, हे कधी जमायला लागलं ते सांगता येणार नाही. समोरच्या बाजूला कोर्लईचा डोंगर, सकाळचं ऊन नुकतं त्याच्यावर आलेलं, आणि काका बुवावर बसून मागून ओरडतायत, "डोंगर बघा, घोडं बघू नका!" नजर खाली गेली की अंग खाली जातं म्हणून. तिथेच, सरळ पट्टीवर, मी पहिल्यांदा परत कँटर केला. तीन ठोक्यांची ती चाल, मऊ, दुडकीपेक्षा कितीतरी सोपी. मी कितीतरी महिने तिलाच घाबरत होते.

रिंगणात मात्र अजून गोम आहे. उजव्या हाताला कँटर होतो. डाव्या हाताला वळलं की तिथे आमचं घोडं पेंड खातं. मैना चुकीच्या पायावर निघते, मी डगमगते, दोघी दुडकीवर येतो. मी हे भीतीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. काका म्हणाले, "भीती न्हाई, खांदा." गादीवर पाहून ठेवलेलं त्यांनी आत्ता काढलं. मोडलेल्या बाजूचा खांदा मी अजून थोडा वर आणि पुढे धरते, त्यामुळे डाव्या वळणावर सगळं वजन बाहेरच्या बाजूला पडतं आणि घोडीला आतला पाय पुढे टाकायला जागाच राहत नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पाठमोरं उभं करून बघितलं आणि त्यांनीही हेच सांगितलं. त्या कधी घोड्यावर बसलेल्या नाहीत.

जूनमध्ये आगोट लागली की रिंगण बंद. वाळूत पाणी साचतं, खुरं जपावी लागतात, घोडी पत्र्याखाली. दसऱ्याला पूजा झाली की परत सुरू. तोपर्यंत मला रबराचा एक पट्टा दिला आहे, दाराच्या कडीला बांधून खांदा मागे ओढायचा, सकाळ-संध्याकाळ. सासूबाईंनी तो पहिल्या दिवशी कपडे वाळत घालायची दोरी समजून त्यावर दोन टॉवेल टाकले होते.